डॉ. वाल्देमार हाफकिन आणि मुलकोवालची बाटली

देवगड आणि मालवण ह्या दोन बंदरांच्या दरम्यान, समुद्राला लागून मिठबाव गाव आहे. अशा गावी लसीच्या दिवशी परिचारिका येते, तेव्हा तान्ही मुले घेऊन बसलेल्या बाया तिच्याकडे काहीशा अधीरतेने पाहत असतात. ती सुई लगेच टोचीत नाही. प्रथम बाटलीवरील नाव वाचते, मुदतीची तारीख पाहते, बाटली किती वाजता उघडली तो आकडा तिच्यावर लिहिते, मुलाचे कार्ड मागून घेते, आणि मग हात धुऊन वेष्टनातील नवी सुई काढते. ती सुई चुकून जमिनीवर पडली, तर उचलून पुशीत नाही. टाकून देते व दुसरी घेते. एखाद्या म्हातारीस हा अपव्यय वाटतो. पडलेली वस्तू झटकून वापरली तर काय बिघडते, असे तिच्या मनात येते, आणि ते येणे स्वाभाविक आहे.

काय बिघडते हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने डॉ. वाल्देमार हाफकिन ह्यांचे चरित्र वाचावे. मुंबईस परळ येथे त्यांच्या नावाची मोठी संस्था आहे, म्हणून हे नाव आपल्या कानांवरून गेलेले असते. परंतु तो गृहस्थ कोण, कोठला, आणि आपल्या देशात त्याच्या वाट्यास काय आले, हे थोड्यांस ठाऊक आहे.

हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा ह्या शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. तो मुलुख त्या काळी रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ नामक विख्यात प्राणिशास्त्रज्ञ शिकवीत असत. त्यांचा हा आवडता शिष्य. विद्यार्थिदशेतच यहुद्यांच्या वस्तीवर जमाव चालून आला असता हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणार्थ उभे राहिले, जखमी झाले आणि कैदेतही पडले. गुरूंच्या रदबदलीने सुटका झाली. पुढे विद्या पुरी झाली, परंतु अध्यापकाची जागा हवी असेल तर रशियन राजधर्माचा स्वीकार करावा अशी अट आली. त्यांनी ती मान्य केली नाही आणि जागेवर पाणी सोडले. पोटासाठी धर्म बदलला हा टोमणा आपल्यापैकी पुष्कळांनी गावच्या पाणवठ्यावर ऐकला आहे. सबब पोटावर पाय आला असताही जो आपल्या अंतःकरणाशी प्रामाणिक राहिला, त्याची किंमत आपणांस अधिक कळावी. त्याचा धर्म आपला नव्हता, म्हणून ती कमी होत नाही.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. जिनीव्हा येथे काही काळ काढून ते पॅरिसला लुई पाश्चर ह्यांच्या संस्थेत आले, व तेथे आरंभी त्यांस ग्रंथालयातील साहाय्यकाचे काम मिळाले. दिवसा पुस्तके लावावी आणि उरल्या वेळी सूक्ष्म जंतूंचा अभ्यास करावा, असा क्रम होता. त्यातून पटकीच्या रोगावर लस तयार झाली. ती माणसास देण्यापूर्वी १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःच्याच अंगात घेतली, आणि ताप आला तो सोसून त्याची नोंद ठेवली.

पुढील वर्षी ते कलकत्त्यास आले. गरिबांच्या वस्त्यांतून, मळ्यांतून, पलटणींतून हिंडून त्यांनी हजारो माणसांस पटकीची लस टोचली. टोचलेले कोण व न टोचलेले कोण, हे ते घरवार लिहून ठेवीत, आणि पुढे साथ आली म्हणजे दोहोंची तुलना करीत. १८९४ साली कलकत्त्याच्या एका वस्तीत सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर तेथे जे पटकीने आजारी पडले, ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. लिहून ठेवण्याची ही सवय वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिलाच फार महत्त्व येणार आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी एक रोगी तपासला व हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, असे ओळखले. पुढील काही महिन्यांत जी दाणादाण उडाली, तिच्या आठवणी कोकणातील जुन्या घरांतून अजून सांगतात. गिरण्यांत आणि गोदीत राबणारे आपले लोक मिळेल त्या आगबोटीने व पडावाने गावाकडे निघाले. आणि गाव त्यांना पाहून जितके आनंदले तितकेच भ्याले. पुण्यास मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांनी देह ठेवला. त्या वेळी शुश्रूषा करणाराजवळ धैर्याखेरीज दुसरे शस्त्र नव्हते.

ते शस्त्र घडविण्यासाठी सरकारने हाफकिन ह्यांस ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, तिच्या बाहेरची पडवी, एक कारकून आणि तीन गडी, एवढा सरंजाम मिळाला. तेथे त्यांनी मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढविले. येथील लोकांच्या भावना जाणून त्यांनी गोमांस वापरले नाही, बोकडाचे वापरले. आणि जंतूंना वर धरून ठेवण्यास रसावर तुपाचा किंवा खोबरेल तेलाचा थेंब तरंगत ठेवला. जंतू पुरेसे वाढले म्हणजे ऊन देऊन ते मारावयाचे आणि मेलेल्या जंतूंचे ते पाणी टोचावयाचे, अशी ती कृती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी कॉलेजातील एका डॉक्टरांच्या हातून ते आपल्या अंगात टोचून घेतले, आणि तेही नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. दंड सुजला, ताप भरला, परंतु त्यांनी काम टाकले नाही. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांना लस दिली. टोचून घेतलेल्यांत रोग फार कमी झाला. मग आगाखान पुढे झाले. त्यांनी चारचौघांदेखत टोचून घेतले व आपल्या अनुयायांस धीर दिला. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजवाड्यात गेली, आणि तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

आता मुलकोवालची गोष्ट.

१९०२ साली पंजाबात प्लेग माजला होता व तेथील सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे ठरविले. एवढ्या मात्रा जुन्या रीतीने वेळेवर तयार होणे शक्य नव्हते. म्हणून हाफकिन ह्यांनी पद्धतीत फरक केला. पूर्वी उष्णतेने जंतू मारल्यावर पाण्यात थोडे कार्बोलिक आम्लही घालीत असत. ते आता वगळले व उष्णतेवरच भिस्त ठेवली. पॅरिसला पाश्चर संस्थेत ही रीत चालू होती, परंतु इंग्रजी अंमलातील डॉक्टरांस ती नवखी होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल ह्या खेड्यात डॉ. एलियट ह्यांनी १०७ माणसांस लस टोचली. त्यांपैकी १९ जणांची लस एकाच बाटलीतून दिलेली होती. त्या बाटलीचा अंक ५३-एन. सात दिवस सर्वकाही ठीक होते. मग त्या एकोणीस जणांस एकामागून एक जबडा आवळल्यासारखा होऊ लागला, मान ताठली, पाठ कमानीसारखी वाकू लागली. हा धनुर्वात होता. एकोणीसही दगावले. दुसऱ्या बाटल्यांतून ज्यांनी लस घेतली होती, त्यांच्यापैकी कोणासही काही झाले नाही.

खेड्यातील त्या घरांची कल्पना करावी. ह्या माणसांना रोग झालेला नव्हता. रोग होऊ नये म्हणून ती विश्वासाने हात पुढे करून उभी राहिली होती. आजाऱ्यास औषध लागू पडले नाही तर मनुष्य दैवास बोल लावतो. निरोगी मनुष्य औषधाने मेला तर तो कोणास बोल लावणार? पंजाबात लोकांचा टोचण्यावरचा विश्वास उडाला, आणि प्लेग तर थांबलेला नव्हता. पुढे १९०७ ह्या एका वर्षात हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे त्या रोगाने मेली. मुलकोवालचे बळी एकोणीसच मोजावे की त्या भीतीने लस न घेता जे मेले त्यांचीही गणना त्यांत करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते करावी.

सरकारने चौकशी बसविली. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स हे तिचे प्रमुख होते व त्यांच्या जोडीला दोन लष्करी डॉक्टर होते. त्यांचे मत असे पडले की, बाटली मुलकोवालला उघडण्यापूर्वीच तिच्यात दोष शिरला असावा. म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक वगळले हे त्यांस बोचले. हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यात आले, आणि १९०४ साली ते अपकीर्तीचे ओझे घेऊन इंग्लंडास गेले. ज्याने दोनदा आपलाच देह प्रथम पुढे केला होता, तो एकोणीस माणसांचा मारेकरी असल्यासारखा गणला गेला. तो परका होता, यहुदी होता आणि डॉक्टरीची पदवीही त्याच्याजवळ नव्हती. ह्या गोष्टींनी त्याचा न्याय अधिक कठोर झाला असे पुष्कळांस तेव्हा वाटले व आजही वाटते.

परंतु चौकशीच्या कागदांतच एक लहान हकीकत पडून होती. बाटलीचे बूच काढण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात हलविला, आणि त्याच चिमट्याने ५३-एन बाटलीचे बूच काढले.

ह्या मदतनिसास दुष्ट किंवा आळशी म्हणण्याचे कारण नाही. त्याने चिमटा झटकून वापरला नाही, धुतला. आपल्यापैकी किती जण तेवढे तरी करते? चूक होती ती हीच की, धुतलेले म्हणजे निर्जंतुक, असे त्याने मानले. धनुर्वाताचे बीज मातीत, विशेषतः गुरांच्या शेणाने मिसळलेल्या मातीत असते. त्याच्यावर कठीण कवच असते. औषधी पाण्यातून क्षणभर फिरविल्याने ते मरत नाही. त्यास जाळ पाहिजे, किंवा दाबाखालची वाफ. पूर्वी आपल्या गावांत कोयत्याने नाळ कापून वर शेण लावीत आणि आठव्या दिवशी बाळ ताठ होऊन जाई, ते ह्याच बीजामुळे. त्या मृत्यूस कोणी सटवाईचा कोप म्हणे, कोणी वारे म्हणे. बाळंतिणीची व बालकाची ती पीडा आपल्या देशातून हटली असे २०१५ साली जाहीर झाले, ही मोठी आनंदाची गोष्ट होय.

हाफकिन लंडनात स्वस्थ बसले नाहीत. चौकशीचे कागद १९०६ अखेर प्रसिद्ध झाले, तेव्हा जाणत्या शास्त्रज्ञांनी ते वाचले. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक सिंप्सन ह्यांनी आणि हिवतापाचे रहस्य उलगडणारे सर रोनाल्ड रॉस ह्यांनी लेखणी उचलली. २९ जुलै १९०७ रोजी दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्स पत्रात छापून आले. त्यांचा युक्तिवाद खेड्यातील मनुष्यासही समजेल असा आहे. ती लस परळास भरून एकेचाळीस दिवस झाले होते. धनुर्वाताचे बीज तेव्हाच आत शिरले असते, तर इतक्या दिवसांत ते बाटलीत माजून तिला दुर्गंधी सुटली असती, परंतु डॉ. एलियट ह्यांस बाटली उघडताना कसलाही वास आला नव्हता. शिवाय बाटलीत विष आधीच तयार असते, तर ते टोचल्यावर रोगी लवकर पडले असते; येथे सात दिवस गेले, म्हणजे बीज शरीरात गेल्यावर तेथे रुजले. तेव्हा दोष परळच्या कढईत नव्हे, तर मुलकोवालच्या जमिनीवर शोधावयास पाहिजे होता.

आणि हा सर्व युक्तिवाद कशाच्या आधारावर उभा होता? एका साध्या नोंदीच्या. कोणत्या माणसास कोणत्या अंकाच्या बाटलीतून लस दिली हे लिहिलेले होते. ते लिहिले नसते, तर एवढेच कळले असते की, मुलकोवालला १०७ जणांस टोचले आणि १९ मेले. मग पद्धत वाईट, लस वाईट, हाफकिन वाईट, असे म्हणून प्रकरण कायमचे मिटले असते. बाटलीचा अंक होता म्हणून एकोणीसांचे दुर्दैव एका बुचापाशी येऊन थांबले.

मिरजेच्या मिशन इस्पितळातून किंवा दुसरीकडून परिचारिकेचे शिक्षण घेऊन आलेल्या आपल्या मुली असतील, त्यांना हे पाठ असते: रोगी हाच काय, औषध हेच काय, मात्रा किती, वेळ कोणती, तोंडाने की सुईने, हे देण्यापूर्वी ताडून पाहावे आणि दिल्यावर लगेच लिहावे, आधी लिहून मग देऊ नये, कारण मध्ये कोणी हाक मारली तर लिहिलेले राहते आणि द्यावयाचे राहून जाते. बहिणीने काढलेले औषध आपण पाजू नये, मग ती कितीही विश्वासू असो. शिकविताना ह्या गोष्टी कोरड्या वाटतात. परंतु घरोघरी ह्याच्या उलट चाललेले असते. गोळ्यांची पुडी फाटून नाव गेलेले असते. सरबताच्या बाटलीत अंगास लावावयाचे तेल ठेवलेले असते. आजीचे रक्तदाबाचे औषध डोके दुखते म्हणून सुनेने घेतलेले असते. औषधाचे माप चहाच्या चमच्याने करतात, आणि एका घरचा चमचा दुसऱ्या घरच्या दीडपट असतो. बाटलीबरोबर लहान माप मिळते ते मुले खेळावयास नेतात. उपदेशक बंधूंच्या घरी शेजारीपाजारी औषध मागावयास येतात व बंधू प्रेमाने देतात. त्यांनी निदान चिठी निघालेली बाटली समुद्रात रिकामी न करता आरोग्य केंद्रात परत करावी, आणि स्वतःस दिलेले औषध दुसऱ्यास देऊ नये, एवढी विनंती आहे. चुकून दिलेच गेले, तर लपवू नये. केव्हा, काय आणि किती दिले हे डॉक्टरांस ताबडतोब सांगितले तर रोगी वाचण्याचा संभव असतो.

१९०७ च्या नोव्हेंबरात सरकारने हाफकिन ह्यांस दोषमुक्त केले. पाच वर्षे गेली होती. त्यांना पुन्हा हिंदुस्थानात काम मिळाले, परंतु ते कलकत्त्यास. मुंबईची प्रयोगशाळा, जी त्यांनी एका खोलीतून उभी केली होती, ती त्यांच्याकडे परत आली नाही. तेथे दुसरे अधिकारी बसले होते. कलकत्त्यास त्यांनी शांतपणे काही वर्षे काढली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नोकरी सोडून ते युरोपात परतले. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी आपल्या पूर्वजांच्या धर्माचे अध्ययन व आचरण करण्यात घालविला. लग्न केले नव्हते. जे धन शिल्लक होते, ते यहुदी मुलांच्या धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवून दिले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचा अंत झाला.

त्यापूर्वी पाच वर्षे, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले होते. ती बातमी त्यांना कळली. १९६४ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. पुढे परळलाच पोलिओचे थेंब तयार होऊन देशभर जाऊ लागले. त्या बाटलीवर एका वर्तुळात लहानसा पांढरा चौकोन छापलेला असतो. वाटेत बर्फ वितळून औषधास ऊब लागली, तर तो चौकोन हळूहळू गडद होत जातो. सभोवारच्या वर्तुळाइतका गडद झाला की, ती बाटली, भरलेली असली तरी, वापरावयाची नाही. मिठबावची बाई बाळाचे तोंड उघडून धरते, तेव्हा परिचारिका प्रथम त्या चौकोनाकडे पाहत असते.